तबकडी नाही म्हणून गायिका दुय्यम? (राद्मिला बाकोचेविचच्या निमित्ताने)

मंद्रसप्तक

'विसाव्या शतकातल्या थोर सोप्रानो' या धाग्यावर गेल्या आठवड्यात मी राद्मिला बाकोचेविच या सर्बियन सोप्रानोचं (सोप्रानो म्हणजे ऑपेरातला सगळ्यात उंच स्त्री-आवाज) नाव घेतलं. त्यावर रोखठोक_७२ यांनी जे लिहिलं ते आधी इथे देते, म्हणजे तो धागा न वाचलेल्यांनाही कळेल:

"मोठ्या कंपनीने काढलेला या बाईंचा एकही पूर्ण ऑपेरा माझ्या पाहण्यात नाही. थोर असत्या तर कंपन्या दारात उभ्या राहिल्या असत्या. घरच्या नाट्यगृहात पगारावर गायच्या, पुढे शिकवण्या घ्यायच्या, अशा गायिकेला तेबाल्दी-कॅलसच्या पंगतीला बसवू नका. घरकोंबड्या गायिका प्रत्येक देशात असतात."

(तेबाल्दी आणि कॅलस म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात गाजलेल्या सोप्रानो.) 'घरकोंबड्या' हा शब्द डोक्यातून जाईना. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते.

बाई १९३३ मध्ये गुचाला जन्मल्या. सर्बियातलं हे लहानसं गाव आज लोकांना माहीत आहे ते तिथल्या ट्रम्पेटच्या जत्रेमुळे, पण ती जत्रा १९६१ ला सुरू झाली. त्याच्या आधीच ही मुलगी तिथून निघून बेलग्रेडच्या संगीत अकादमीत निकोला त्स्वेयिचकडे शिकली होती. १९५५ पासून ती रंगमंचावर आहे. बेलग्रेडचं राष्ट्रीय नाट्यगृह आणि व्हिएन्नाचं स्टेट ऑपेरा ही तिची दोन घरं. शिवाय मिलानचं ला स्काला, न्यूयॉर्कचं मेट (मेट्रोपॉलिटन ऑपेरा), दोन्ही अमेरिका. भूमिका म्हणाल तर मिमी, तोस्का आणि नॉर्मासुद्धा. नाजूक मिमी आणि ताकदीची नॉर्मा एकाच गळ्यातून काढणं म्हणजे काय, ते इथल्या लोकांना मी सांगायला नको. हिला घरकोंबडी म्हणायचं?

आता तबकड्यांचं. त्या काळात गायिका कंपन्यांना बांधलेल्या असत. तेबाल्दी डेकाकडे, कॅलस ईएमआयकडे, झिंका मिलानॉव आणि नंतर लिओन्टिन प्राइस आरसीएकडे. एकेका कंपनीला एक आयडा, एक तोस्का पुरते, आणि खुर्च्या भरलेल्या होत्या. गंमत अशी की डेका स्वतः बेलग्रेडला आली होती. १९५५ मध्ये. तिथल्या ऑपेराला घेऊन तिने सात रशियन ऑपेरे ध्वनिमुद्रित केले: बोरिस गोदुनोव, खोवानश्चिना, प्रिन्स इगोर, ओनेगिन, हुकुमाची राणी, हिमकन्या आणि ग्लिंकाचा 'अ लाइफ फॉर द झार'. ओनेगिनमधली नायिका तात्याना गायली वालेरिया हेयबालने. आमच्या बाई त्याच वर्षी उभ्या राहत होत्या. कंपनी दारात आली तेव्हा त्या नुकत्या उंबरठ्यावर होत्या, आणि कंपनीला हवं होतं रशियन. इटालियन गाण्यासाठी डेकाला बेलग्रेडला यायची गरजच नव्हती.

माझ्या गुरूंची एकही तबकडी नाही. एक कॅसेट होती, घरच्या गणपतीतली. ती पावसात भिजली. पंचवीस वर्षं त्यांनी आम्हाला शिकवलं, आजूबाजूच्या गावांत गायल्या. रोखठोक यांच्या हिशेबाने त्या गायल्याच नाहीत. मला हे मान्य नाही आणि कधीच होणार नाही.

कावेरी_एस

+१. सविस्तर लिहिलंत ते बरं झालं, वाचतेय.

रोखठोक_७२

माझं नाव घेऊन धागा काढलाय तर मीही नीट उत्तर देतो.

मंद्रसप्तक ताई, तुमच्या गुरूंबद्दल मी काही म्हटलेलं नाही, त्यांना मध्ये आणू नका. तुमच्याशी वाद घालायला गेलं की कुणाच्या तरी गुरूंचा अपमान होतो, मग बोलायचं कसं?

स्काला, मेट. ठीक आहे. मेटमध्ये गाऊन गेलेल्या सोप्रानोंची यादी काढा, पानंच्या पानं भरतील. त्यातल्या किती जणींची आज आठवण निघते? मोठ्या नाट्यगृहात गायली एवढ्याने सिद्ध काहीच होत नाही.

कंपन्यांनी जागा अडवल्या हेही अर्धंच खरं. लेयला गेंजेर घ्या. इस्तंबूलची. स्टुडिओत जवळजवळ काहीच नाही. तिच्यावरही कंपन्यांनी अन्यायच केला. पण ती मिलानला जाऊन राहिली. १९५७ साली फ्रेंच संगीतकार पूलांकचा कार्मेलाइट नन्सचा ऑपेरा स्कालात पहिल्यांदा झाला त्यात ती होती. प्रेक्षकांतल्या लोकांनी लपवून नेलेल्या टेपरेकॉर्डरवर तिला धरून ठेवलं आणि आज जगभर तिचे भक्त आहेत. चोरून रेकॉर्ड करावंसं वाटणं हीच खरी परीक्षा. ज्या बाजारात लोक टेपरेकॉर्डर घेऊन येतात त्या बाजारात जाऊन उभं राहावं लागतं. बाकोचेविच तिथे पाहुणी म्हणून गेली आणि घरी परतली. तो तिचा निर्णय, त्याचं फळही तिचंच.

आणि मी हे ऐकीव बोलत नाही. माझे वडील कार्यक्रमांच्या ठेकेदाराकडे तबला वाजवायचे. बाहेरगावी जायची संधी दोनदा आली, दोन्ही वेळा घर सोडवेना म्हणून राहिले. आयुष्यभर ते म्हणत राहिले, "मला संधी मिळाली नाही." मिळाली होती. मी बघितलंय. म्हणून मला ही 'घरी राहिली पण थोर होती' वाली भाषा सहन होत नाही.

शुभदा_व्हिएन्ना

'घरी परतली' म्हणे. रोखठोक, व्हिएन्नाचं स्टेट ऑपेरा तुम्हाला 'पाहुणी म्हणून जाण्याची' जागा वाटते का? इथे वर्षानुवर्षं गाणं म्हणजे काय असतं ते ऐका.

मी १९९१ ला लग्न होऊन इथे आले. भाषा येत नव्हती, हातात पैसे नव्हते, पण उभ्याने ऐकायची तिकिटं एका कॉफीपेक्षा स्वस्त होती. दुपारपासून रांगेत थांबायचं. आत सोडलं की पळत जाऊन आपली जागा धरायची आणि समोरच्या कठड्याला रुमाल नाहीतर स्कार्फ बांधायचा. स्कार्फ बांधला की जागा तुमची, मग खाली जाऊन पाणी पिऊन या, कुणी हात लावणार नाही. माझ्याकडे स्कार्फ नव्हता, मी ओढणी बांधली. शेजारची एक म्हातारी रोज यायची. तिने त्या ओढणीची गाठ सोडून नीट सपाट बांधून दिली आणि म्हणाली, "अशी बांध, नाहीतर मागच्याला दिसत नाही."

त्या बाईने मला ऐकायला शिकवलं. तिच्या तोंडी कॅलसचं नाव क्वचित यायचं, कारण कॅलस तिने एखाददुसऱ्यांदाच ऐकली होती. सतत यायची ती या नाट्यगृहाच्या घरच्या गायिकांची नावं. सेना युरिनात्स, बिसेर्का त्स्वेयिच, बाकोचेविच. "अमकीला ताप आला, तर दुपारी फोन गेला आणि संध्याकाळी ही उभी." इथे रोज वेगळा ऑपेरा असतो. रोज. हे नाट्यगृह चालतं ते एकदा येऊन तबकडीएवढं गाऊन जाणाऱ्यांवर नाही, मंगळवारी तालमीशिवाय उभं राहू शकणाऱ्यांवर.

आणि 'घरी राहणं' हा शब्द बायकांच्या बाबतीत इतक्या सहज वापरू नका. मी नाट्यसंगीताच्या परीक्षा देत होते. दोन मुलं झाली, सासूबाई आजारी पडल्या, पेटी कपाटावर गेली. मला कुणी 'निर्णय तिचा, फळ तिचं' म्हटलं तर मी त्याला घरात घेणार नाही.

रोखठोक_७२

तुमच्याबद्दल बोललो का मी? पुरुष घरी राहिला त्याचीही गोष्ट सांगितली की वर. वाचायचं अर्धं आणि चिडायचं पूर्ण.

तळ्यातमळ्यात

चर्चा चांगली चाललीय, पण 'सर्बियन सोप्रानो' हे विशेषण कुणालाच कसं खटकलं नाही? १९५५ ला सर्बिया नावाचा देश होता का? बाई युगोस्लाव्ह होत्या. बेलग्रेड ऑपेरा युगोस्लाव्ह होतं. वर दिलेल्या नावांतच बघा: बिसेर्का त्स्वेयिच स्प्लिटजवळ जन्मली, बेल्जियममध्ये वाढली, बेलग्रेडमध्ये घडली. युरिनात्स बोस्नियातल्या त्राव्निकची, वडील क्रोएशियन, आई व्हिएन्नाची. झिंका मिलानॉव झाग्रेबची, मिल्का टर्निनाची शिष्या, आणि मिलानॉव हे आडनाव तर नवऱ्याचं. आज सगळे आपापला झेंडा घेऊन येतात आणि आवाज वाटून घेतात. १९३७ मध्ये झ्युरिचला संगीतकार बर्गचा 'लुलू' हा ऑपेरा पहिल्यांदा रंगमंचावर आला त्यातली लुलू कोण होती? बाहरिया नुरी-हाजिच. सारायेव्होची मुसलमान मुलगी, बेलग्रेड ऑपेरात नाव कमावलेली. तिला कुणाची म्हणाल?

मंद्रसप्तक

मुद्दा बरोबर आहे, पण गुचा सर्बियातच आहे आणि बाई सर्बियनच आहेत. लुलूचं मात्र माहीत नव्हतं, धन्यवाद. मूळ विषयावर येऊ या का?

सीमेवरचा

नाही, हाच विषय महत्त्वाचा आहे, येऊ द्या. आम्ही बेळगावचे. १९५६ ला रेघ मारली आणि आमचे लोक एका दिवसात दुसऱ्याचे झाले. कुमारजी (कुमार गंधर्व) सुळेभावीचे. धारवाडला कार्यक्रम असला की ते 'कर्नाटकाचे सुपुत्र', पुण्यात असला की 'मराठी संगीताचा मानबिंदू', आणि देवासला गेलात तर माळव्याचे. आम्ही बेळगाववाले कुठेच नाही. तळ्यातमळ्यात म्हणतात ती दुःखं आम्हाला नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात.

नीलिमा_धारवाड

कुमारजींचं घराणं कन्नड होतं. 'आमचे लोक' म्हणताना जरा जपून. भीमसेनजी गदगचे आहेत हेही पुण्यात सांगावं लागतं.

सीमेवरचा

कन्नड होतं हे मला सांगू नका, मी त्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर वाढलो. आमच्या गल्लीत निम्मी घरं दोन्ही भाषा बोलायची. आमचे म्हणजे मराठी असं मी कुठे लिहिलं? आमचे म्हणजे आमच्या मातीतले.

नीलिमा_धारवाड

मग १९५६ च्या रेघेचं गाऱ्हाणं कशाला? माती तिथेच आहे.

सीमेवरचा

ज्यांच्या दारावरची पाटी सरकारी माणसाने उतरवली नाही त्यांना रेघेचं काय कळणार. माझ्या आजोबांच्या दुकानाची उतरवली होती. मी आठ वर्षांचा होतो, पाटी धरून उभा होतो.

दर्यावर्दी

सगळे आपापल्या गावाला नेऊन घालताय तर गोंयचंही ऐका. गायिका केसरबाई (केरकर) केरीच्या, मोगूबाई (कुर्डीकर) कुर्डीच्या. मुंबई त्यांना आपलं म्हणते. केसरबाई मैफलीत कुणाला रेकॉर्डिंग करू द्यायच्या नाहीत, हे जगजाहीर आहे. तरी १९७७ ला व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात आवाज गेला तो त्यांचाच. रोखठोक, तुमच्या परीक्षेत हे कसं बसतं?

आता ऑपेराचं. मी चर्चच्या कॉयरमध्ये वाढलो, आता आवाज शिकवतो. आमच्यातली पॅट्रिशिया रोझारिओ, मुंबईत जन्मलेली गोंयकार, सोप्रानो. ती लंडनला गेली, तिथेच नाव झालं, इंग्रज संगीतकार जॉन टॅव्हनरने तिच्यासाठी किती तरी रचना केल्या. ती का गेली? कारण इथे राहायला 'घर' नव्हतं. मुंबईतलं रॉयल ऑपेरा हाऊस १९११ ला पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलं, पुढे त्यात सिनेमे लागले, १९९३ ला कुलूप. २०१६ ला परत उघडलं तेव्हा गायला रोझारिओलाच बोलावलं, लंडनहून. इमारत आहे. पगारावर गाणारे, वाजवणारे, शिवणारे, रंगवणारे लोक नाहीत. बेलग्रेडला पहिल्या महायुद्धातून जेमतेम सावरत असताना ऑपेरा उभं केलं गेलं. 'पगारावर गाणारी' ही शिवी नाही हो. माझ्या दोन विद्यार्थिनी, खणखणीत गळ्याच्या, आज क्रूझवर गातात आणि एक बँकेत आहे. त्यांना कुणी असा पगार दिला असता तर मी त्या संस्थेच्या पायरीवर डोकं टेकलं असतं.

रोखठोक_७२

केसरबाईंची ती तबकडीच आहे, दर्यावर्दी. अवकाशात गेली ती तबकडीच गेली. माझ्याच मुद्द्याला टेकू दिलात.

बाकी इमारतीचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तेवढा.

दर्यावर्दी

तेवढा का होईना.

आणखी एक सांगतो, हे धंद्यातलं आहे. स्पिंतो (हळवा तरी धारदार सोप्रानो) आवाज माइकजवळ निम्मा मरतो. त्याची जी धार असते ती वाद्यवृंदाला कापून शेवटच्या रांगेपर्यंत जाण्यासाठी असते. ती धार जवळून ऐकली की कर्कश वाटते, म्हणून ध्वनिमुद्रक माइक मागे घेतो, आणि मग लांबचं काहीतरी ऐकल्यासारखं होतं. माझी एक विद्यार्थिनी वर्गात गायची तेव्हा मी खिडकीबाहेर अंगणात, फणसाखाली जाऊन उभा राहायचो. तिथे ती खरी ऐकू यायची. फोनवर रेकॉर्ड केलं की तीच मुलगी रडायची, "सर, मी अशी गाते?" तबकडीला चांगला दिसणारा आवाज आणि नाट्यगृह भरणारा आवाज, दोन्ही एकाच बाईत असतीलच असं नाही.

नाना_कोथरूड

मी सहसा फक्त वाचतो. आज लिहितो, कारण या धाग्यावर या बाईंना प्रत्यक्ष ऐकलेला बहुधा मी एकटाच असेन.

मी १९७३ ते ७५ बेलग्रेडला होतो, यंत्रांच्या तपासणीच्या कामावर. तेव्हा टीटो-नेहरू मैत्रीचे दिवस लोकांच्या लक्षात होते, 'इंडियात्स' म्हटलं की दुकानदार दोन सफरचंदं जास्त घालायचा. सौभाग्यवती सोबत होती. तिला एकटेपण खायचं. आमच्या कामावरच्या एका सहकाऱ्याने आम्हाला ऑपेराची तिकिटं आणून दिली. भेटायचं कुठे, तर 'घोड्यापाशी'. नाट्यगृहासमोर राजपुत्र मिहाइलोचा घोड्यावरचा पुतळा आहे, सगळं बेलग्रेड तिथेच भेटतं. बर्फ पडत होतं. हिने नऊवारीवर माझा ओव्हरकोट घातला होता.

'तोस्का' होता. आम्ही वरच्या गॅलरीत. मला काही कळत नव्हतं, खरं सांगतो, पहिला अंक मी घड्याळ बघत काढला. दुसऱ्या अंकात ती बाई जमिनीवरून उठता उठता गायला लागली आणि हिने माझं मनगट धरलं. ते गाणं संपेपर्यंत सोडलं नाही. नंतर त्या दुष्टाला मारून, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवून बाई निघून गेली. तोवर सगळं नाट्यगृह गप्प. बाहेर पडल्यावर ही मला म्हणाली, "अहो, बाईंनी आधी आवाज आत धरून ठेवला. सोडला नाही. शेवटी सोडला." ही घरी नाट्यपदं म्हणायची, तिला त्यातलं कळायचं, मला नाही.

नाव मला तेव्हा वाचता आलं नाही. कार्यक्रमपत्रिका सगळी त्यांच्या लिपीत. मग सहकाऱ्याने शिकवलं, आपल्याला इंग्रजी पी वाटतो तो र, बी वाटतो तो व. राद्मिला बाकोचेविच हे मी त्या लिपीत वाचलेलं पहिलं नाव. पुढच्या पंधरवड्यात नाट्यगृहाच्या फलकावर तेच नाव वेगळ्या ऑपेरापुढे होतं. हिने मला परत तिकिटं काढायला लावली.

घरी राहणाऱ्या म्हणता, रोखठोक. टीटोंच्या देशाचा पासपोर्ट तेव्हा पूर्वेलाही चालायचा, पश्चिमेलाही. आमचे सहकारी सुट्टीत कपडे घ्यायला इटलीतल्या त्रिएस्तला जायचे. कुणी बाईंना कोंडून ठेवलं नव्हतं. व्हिएन्नात गाऊन त्या बेलग्रेडला परत यायच्या, कारण तिथेही लोक घोड्यापाशी बर्फात वाट बघत उभे होते.

मंद्रसप्तक

नाना, नमस्कार करते. दुसरं काही सुचत नाही.

कावेरी_एस

नऊवारीवर ओव्हरकोट. काकूंना नमस्कार सांगा.

नाना_कोथरूड

ती २०१४ ला गेली.

तळ्यातमळ्यात

नाना, फार सुंदर. आणि तुम्ही 'टीटोंचा देश' म्हणालात, सर्बिया नाही. मी हेच म्हणत होतो. बाई जन्मल्या तेव्हा युगोस्लाव्हिया हे राज्य होतं, मग ते प्रजासत्ताक झालं, त्याचंही नाव बदललं, १९९२ ला उरलेला युगोस्लाव्हिया, २००३ ला सर्बिया आणि माँटेनेग्रो, २००६ ला सर्बिया. गुचा जागचं हललं नाही.

सीमेवरचा

बेळगावही हललं नाही.

नीलिमा_धारवाड

हे वाक्य आमच्या आजीचंही होतं. त्या पाटीबद्दल मी तोडून बोलायला नको होतं. बाकी मतभेद आहेतच.

शुभदा_व्हिएन्ना

१९९२ निघालंच आहे तर ज्याबद्दल कुणी लिहिलं नाही ते लिहिते. मे १९९२ ला संयुक्त राष्ट्रसंघाने युगोस्लाव्हियावर निर्बंध घातले. व्यापार, विमानं, खेळ (त्या वर्षी फुटबॉलच्या युरो स्पर्धेतून युगोस्लाव्हियाला काढून डेन्मार्कला घेतलं आणि डेन्मार्क जिंकलं, ते सगळ्यांना आठवतं), आणि सांस्कृतिक देवाणघेवाणही. ते कुणालाच आठवत नाही. इथे माझ्या इमारतीत सर्बियन कुटुंबं होती. त्यातल्या एका बाईंची भाची बेलग्रेडला गाणं शिकत होती. त्या वर्षांत तिथे पगाराच्या नोटांवरची शून्यं आठवड्याला वाढत होती. ती मुलगी स्पर्धांना अर्ज करायची, उत्तरच यायचं नाही. पुढे १९९९ ला बॉम्ब पडत असतानाही बेलग्रेडचं नाट्यगृह दुपारी खेळ लावत होतं, कारण रात्री सायरन वाजायचे.

बाकोचेविचच्या पिढीला निदान निवड होती: जा, ये, दोन घरं सांभाळ. पुढच्या पिढीला निवडच राहिली नाही. आणि अशा काळात बाकोचेविचसारखी जगात गाऊन आलेली बाई पुढे नोवी सादला विद्यापीठात शिकवते, बेलग्रेडला ऑपेरा स्टुडिओ सांभाळते, त्याला तुम्ही 'शिकवण्या घ्यायच्या' म्हणता, रोखठोक? जगाकडे जायची दारं बंद असताना ते जग माहीत असलेलं माणूस गावातच असावं लागतं. नाहीतर विद्या तुटते.

दर्यावर्दी

शुभदाताई, शंभर टक्के सहमत. आमच्याकडे ती तुटलेली आहे, म्हणून कळतं.

रोखठोक_७२

काल रात्री दोन वाजेपर्यंत जागा होतो. जालावर बाईंचे जुने तुकडे आहेत, मी आधी शोधले नव्हते. शोधायला हवे होते. आवाज खरखरीत आहे ध्वनिमुद्रणाचा, मध्येच प्रेक्षक खोकतात. नॉर्माच्या प्रार्थनेत बाई श्वास कुठे घेतात ते मी तीनदा मागे नेऊन ऐकलं, सापडलं नाही. वरचे स्वर मला अजूनही जरा कडक वाटतात. दर्यावर्दी म्हणतील माइक. असेल.

तेबाल्दीच्या पंगतीला बसवायला मी अजून तयार नाही. ते मत बदललेलं नाही. गेंजेरचं उदाहरण मात्र माझ्यावरच उलटतं हे रात्री लक्षात आलं. तिलाही कंपन्यांनी ओळखलं नव्हतं. म्हणजे कंपनीने न ओळखणं हा पुरावा होत नाही. हे मी आधी लिहिलं होतं ते मागे घेतो. 'घरकोंबड्या' हा शब्दही मागे घेतो. 'शिकवण्या'ही.

वडिलांचं जे लिहिलं ते मागे घेत नाही. फक्त त्यांनी गल्लीतल्या निदान वीस पोरांना तबला शिकवला, हे लिहायचं राहिलं होतं.

मंद्रसप्तक

एवढं पुरे आहे, रोखठोक. मीही गुरूंना मध्ये आणून तुमचं बोलणं बंद केलं, ते बरोबर नव्हतं. तेबाल्दीवर मात्र आपण भांडत राहू.

रोखठोक_७२

नाना, एक विचारतो. त्या 'तोस्का'ची तारीख आठवते का? कॅव्हारादोस्सी, म्हणजे नायक, कोण गायला होता? संध्याकाळची नोंद कुठे मिळाली तर बघायची आहे.

नाना_कोथरूड

तारीख पत्रिकेवर आहे. पत्रिका हिच्या ट्रंकेत आहे, पैठणीच्या घडीत ठेवलेली, ट्रंक मुलीकडे चिंचवडला. रविवारी जाणार आहे. फोटो काढता येत नाही मला नीट, नातवाला सांगतो. नावं मी वाचून देईन, ती लिपी अजून येते.